पुन्हा टाइप करू नका, आधी फोल्डर उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या अंकात आतल्या पानावर, अगदी कोपऱ्यात, एक निविदा सूचना आली होती. आमच्या भागातल्या एका कार्यालयाला आपल्या जुन्या मराठी अभिलेखांचं ‘संगणकीय पुनर्टंकलेखन’ करून हवं आहे आणि त्यासाठी पानामागे दर मागवला आहे. निविदा सूचना शेवटपर्यंत वाचणारे दोघेच. एक ठेकेदार, आणि दुसरी माझ्यासारखी, जिचं अर्धं आयुष्य असल्या सूचना जुळवण्यात गेलं. परतवाड्याच्या एका साप्ताहिकात मी चौदा वर्षं डीटीपी ऑपरेटर होते. साप्ताहिक २०१० साली बंद पडलं. मी मात्र अजूनही छापलेलं काहीही आधी रफार पाहून वाचते.

अभिलेख हाताने लिहिलेले असतील, वाळवीने खाल्लेले असतील, तर पुनर्टंकलेखन ठीकच आहे. पण सूचनेत ‘मूळ प्रती ए-फोर आकारातील संगणकीय मुद्रिते’ असे शब्द होते. ते खटकले म्हणून एका दुपारी मी त्या कार्यालयात जाऊन आले. टेबलावरच्या बाबूंनी चांगली वागणूक दिली. म्हणाले, “मॅडम, आहे तं सारं कॉम्प्युटरमध्येच. पण फाइल उघडली का इंग्रजीत दिसते.” म्हणजे जुन्या एका संगणकावर, जिथे तो फॉन्ट अजून आहे, तिथून छापील प्रती काढायच्या, त्या ठेकेदाराला द्यायच्या, आणि त्याच्याकडच्या टायपिस्ट मुलींनी त्या पाहून तोच मजकूर पुन्हा टाइप करायचा. विहिरीतलं पाणी बादलीने काढून शेजारच्या विहिरीत ओतण्यासारखं झालं हे.

त्या बाबूंना दोष देत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मीही हेच करायला बसले होते.

साप्ताहिकाच्या मालकांच्या घरातून मला एक जुनी हार्ड डिस्क मिळाली. तिच्यात एक फोल्डर आणि फोल्डरात १,९१२ टेक्स्ट फायली. त्या बहुतेक माझ्याच हातच्या होत्या. पानं आम्ही पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये जुळवायचो; ती १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावायची नाहीत, म्हणून आम्ही अंक छापायला गेला की मजकूर तेवढा टेक्स्ट करून बाजूला काढायचो. बातम्यांची एक फाइल, बाजारभाव आणि निधनवार्तांची एक, कधी लेखाची तिसरी. गावच्या वाचनालयाने म्हटलं, हे सगळं वाचता येईल असं करून द्या. मी नोटपॅडमध्ये पहिली फाइल उघडली आणि समोर आलं ते असं: ई, जे, के, मग मोठा बी, मग एच. बाबूंचं ‘इंग्रजी’ ते हेच.

ज्यांची बोटं टाइपरायटरवर घडली आहेत त्यांना हे लगेच कळेल. तो शब्द ‘मराठी’ आहे. कृतिदेव फॉन्टमध्ये ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ आणि एच म्हणजे दीर्घ वेलांटी. मराठी टायपिंगची ३० ची आणि ४० ची परीक्षा मी रेमिंग्टन टाइपरायटरवर दिली. ज्या बोटाखाली जे अक्षर होतं, तेच या फॉन्टने त्याच कळीवर ठेवलं. त्या काळी संगणकाला मराठी येतच नव्हतं. त्याच्या लेखी ते ‘ई-जे-के’च होतं, फॉन्टने फक्त इंग्रजी अक्षरांच्या अंगावर मराठी कपडे चढवले होते. कपडे काढले, म्हणजे फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल नेली, की खाली पुन्हा इंग्रजी. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, म ला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि हा खेळ संपला. विंडोज २००० मध्ये युनिकोडचा मंगल फॉन्ट आला तेव्हा आम्हालाही ते करता आलं असतं. पण पेजमेकरला युनिकोडची मराठी कधीच जमली नाही, आणि पेजमेकर सोडायला मालक तयार नव्हते.

तर मी टाइप करायला बसले. हिशोब केला होता: एका फायलीत सरासरी सातशे शब्द धरले तर एकूण तेरा लाखांवर. मिनिटाला चाळीसचा वेग (आता तो राहिलेला नाही), रोज सहा तास, सुट्टी नाही, तर त्र्याण्णव दिवस. सातव्या फायलीला शेजारची मुलगी घरी आली. अमरावतीला बीसीए करते. थोडा वेळ माझ्या मागे उभी राहून पाहत होती. मग म्हणाली, “काकू, हे हातानं नाही करत कोणी.”

तिने पायथन या संगणकाच्या भाषेत स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या सूचना, लिहून दिली; ती पहिल्या दिवशी वीस-बावीस ओळींची होती. फोल्डरमधल्या फायलींची यादी घे, एकेक उघड, कोष्टकात डावीकडे जी खूण आहे तिच्या जागी उजवीकडची ठेव, झालं की लिहून टाक आणि पुढची घे. कोष्टक मी वहीत लिहून दिलं, कारण कुठली कळ कुठलं अक्षर हे तिला ठाऊक नव्हतं आणि मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. एवढं सोपं ते खरोखरच आहे. फायली दहा असोत की दहा हजार, स्क्रिप्ट तीच. माझ्या त्र्याण्णव दिवसांच्या जागी तिला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पण बाहेर काय आलं ते सांगते, कारण ज्यांना हे करायचं आहे त्यांनी निदान माझ्याच खड्ड्यांत पडू नये.

पहिला खड्डा वेलांटीचा. आम्ही ‘किती’ टाइप करताना आधी पहिली वेलांटी मारायचो, मग क, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. युनिकोडला ती क च्या नंतर लागते, जसं आपण उच्चारतो तसं. म्हणून स्क्रिप्टला सांगावं लागतं की वेलांटी उचलून एका अक्षराच्या पलीकडे ठेव. ते सांगितलं, आणि ‘किती’ बरोबर आलं. ‘स्थिती’ मात्र ‘सि्थती’ झालं. वेलांटीला एक अक्षर नव्हे, अख्खं जोडाक्षर ओलांडायचं असतं. रफाराचं उलटं. तो आम्ही शेवटी मारायचो, युनिकोडला तो जोडाक्षराच्या आधी हवा असतो, आणि मध्ये काना-मात्रा-अनुस्वार जे काय असेल ते ओलांडून मागे जायला हवा. आमची कसोटी एकच शब्द होता: ‘कार्यकर्त्यांनी’. हा बरोबर आला की बाकी सगळे रफार बरोबर येतात, आणि तालुक्याच्या साप्ताहिकात हा शब्द शोधायला लांब जावं लागत नाही.

दुसरा खड्डा क्रमाचा, आणि त्याने मला एका जुन्या कोड्याचं उत्तर दिलं. आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या संकेतस्थळावर ‘मुंबर्इ’ वाचलेलं आहे. ‘कारवार्इ’ वाचलेलं आहे. मला वाटायचं, टाइप करणाऱ्याचं लक्ष नव्हतं. तसं नाही. कृतिदेवमध्ये दीर्घ ई ची वेगळी कळच नाही. ऱ्हस्व इ टाइप करून तिच्यावर रफाराचीच खूण मारायची, म्हणजे बी आणि मग मोठा झेड. कागदावर छान ई दिसते. स्क्रिप्टने आधी सुट्या रफाराचा नियम लावला तर तो बिचारा त्या खुणेला रफारच समजतो आणि इ च्या आधी नेऊन ठेवतो. आधी जोडीचा नियम, मग सुट्याचा, एवढी अदलाबदल केली की मुंबई जागेवर येते. आ, ओ, औ यांचंही तसंच. अ ला आधी हात लावला तर ‘आई’ मध्ये अ आणि काना वेगळे पडतात, मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, आणि शोध घेतला तर आई सापडत नाही.

तिसरा खड्डा आमच्या आळसाचा. नवा फोल्डर कोण करणार म्हणून बदललेल्या फायली आम्ही जुन्यांवरच लिहीत होतो. आठशेच्या आसपास पोचल्यावर वीज गेली. आली तेव्हा स्क्रिप्ट पहिल्यापासून लावली, म्हणजे ज्या फायली होऊन गेल्या होत्या त्यांच्यावरून ती पुन्हा फिरली. आता गंमत अशी की कृतिदेवमध्ये स्वल्पविराम ज्या कळीवर आहे ती वेगळी, आणि इंग्रजी स्वल्पविरामाच्या जागी आहे मराठी ‘ए’. पहिल्या फेरीत स्वल्पविराम नीट झाले होते. दुसऱ्या फेरीत त्या नीट झालेल्या स्वल्पविरामांचे ए झाले. पूर्णविरामांचे झाले अर्धे ण. ‘संत्री, मोसंबी, कापूस’ या शीर्षकाचं ‘संत्रीए मोसंबीए कापूस’ झालेलं मी पाहिलं, आणि खाली ‘बहुसंख्य नागरिक हजर होतेण्’. ती मुलगी इतकी हसली की मलाही राग धरवेना. मूळ हार्ड डिस्क शाबूत होती म्हणून हसू आलं. तेव्हापासून मूळ फोल्डर एका बाजूला, त्याची नक्कल दुसऱ्या बाजूला, आणि तयार माल तिसऱ्या फोल्डरात.

चौथी गोष्ट खड्डा नव्हे, शिक्षा म्हणावी. टेक्स्ट फाइल फॉन्ट विसरते. पानावर आम्ही मधूनच एखादा इंग्रजी शब्द इंग्रजी फॉन्टमध्ये टाकायचो. टेक्स्टमध्ये आल्यावर त्याच्यात आणि कृतिदेवच्या अक्षरांत काही फरक उरत नाही, आणि स्क्रिप्ट त्याचंही मराठी करून ठेवते. आमदारांच्या नावापुढे रोमन लिपीत ‘एमएलए’ लिहायची एका बातमीदाराला हौस होती. मोठा एम म्हणजे ड, मोठा एल म्हणजे अर्धा स, मोठा ए म्हणजे दंड. प्रत्येक आमदाराच्या नावापुढे ‘डस्।’ आलं. असे त्रेचाळीस शब्द निघाले. त्यांची यादी करून स्क्रिप्टला सांगितलं, यांना हात लावू नकोस. ‘डस्’ काढताना थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

बारीकसारीक आणखी होतंच. सदतिसाव्या फायलीला स्क्रिप्ट थांबली, कारण आम्ही ती यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायच्या आजच्या पद्धतीतली, समजून उघडत होतो आणि जुन्या विंडोजच्या फायलींतल्या साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडच्या खुणा तिला कळेनात. यूटीएफ-८ नाही जमलं तर विंडोज-१२५२ या जुन्या पद्धतीने उघड, अशी एक पळवाट घातली. फायलींची नावं ‘बातमी १, बातमी २’ अशी होती, त्या एकाखाली एक लावताना संगणकाने १ नंतर १०, ११, १२ घेतले आणि २ कुठेतरी खाली गेला; आकड्यांपुढे शून्यं लावून ते मिटलं.

आणि मग ‘वऱ्हाड’. आमच्या साप्ताहिकात हा शब्द आठवड्याला निदान दहा वेळा यायचा. तयार फोल्डरात शोधला तर एकदाही नाही. मुलीने कुठूनतरी मिळवलेलं एक तयार कोष्टक माझ्या वहीतल्या कोष्टकाला जोडलं होतं, ते हिंदीसाठी केलेलं. त्याला अर्धचंद्रासारखा आडवा र माहीतच नव्हता. आम्ही त्यासाठी वापरलेली खूण तशीच परकी होऊन मध्ये अडकली होती. व, मग एक चौकोन, मग हाड. ‘कुऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’, ‘तऱ्हा’ सगळ्यांचं तेच. ती खूण रफारात ढकलून मोकळं व्हावं असा सोपा उपाय तिने सुचवला, तेव्हा मी तिला बसवून चिखलदऱ्याची गोष्ट सांगितली: आपल्याकडे दऱ्या आहेत, दर्या पाहायला कोकणात जावं लागतं. तिने तिथेच पेन मागितलं आणि वहीत कोष्टकाच्या शेवटी आणखी एक ओळ लिहिली.

आता मुद्द्यावर येते. स्क्रिप्टला दोन मिनिटं लागली, ती नीट बसवायला आमच्या तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या, आणि नंतर मी दोन महिने नुसतं वाचत होते. त्यातही मुलीने एक उपकार केला. शब्दाच्या सुरुवातीलाच काना, दोन मात्रा एकावर एक, मध्येच शिल्लक राहिलेलं रोमन अक्षर, अशी जिथे जिथे गडबड दिसते ते सगळे शब्द फाइलच्या नावासकट एका यादीत काढून दिले. ३,१६० निघाले. तेरा लाख शब्द डोळ्यांखालून घालण्यापेक्षा आधी तेवढे पाहायचे, मग निवांत बाकीचे वाचायचे. पण वाचावे लागतातच. ‘अंत्यसंस्कार’ ऐवजी ‘अंत्यसत्कार’ ही चूक कुठलीच स्क्रिप्ट पकडणार नाही. ती माझ्याच हातची, २००३ च्या एका निधनवार्तेतली, आणि ती तशीच छापून गेली होती. आता दुरुस्त करावी का, यावर वाचनालयात तासभर वाद झाला. मी म्हटलं, अंकात जे छापलं ते फोल्डरात राहील. माझी लाज माझ्यापाशी.

म्हणून त्या कार्यालयाला, आणि अशी सूचना उद्या काढू पाहणाऱ्या प्रत्येकाला, माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे टंकलेखनावर घालवू नका, मुद्रितशोधनावर घाला. सूचना काढण्याआधी एक माणूस त्या जुन्या संगणकावर बसवा आणि त्याला फक्त दोन गोष्टी लिहून काढायला सांगा: फोल्डरमध्ये फायली किती, आणि त्या कुठल्या फॉन्टमध्ये. पुन्हा टाइप करणाऱ्या मुली हुशार असतात, पण पानामागे पैसे मिळतात तेव्हा वेग महत्त्वाचा होतो. मूळ मजकुरात नसलेल्या नव्या चुका त्यात पडतात, आणि सातबाराच्या नोंदीत ‘दिगंबर’ चा ‘दिनकर’ झाला तर तो निस्तरायला पुढची पिढी तहसीलच्या पायऱ्या झिजवते. स्क्रिप्ट चुकते तेव्हा सगळीकडे एकसारखी चुकते, म्हणून सापडते, आणि एका जागी सुधारली की सगळीकडे सुधारते. माणूस दर पानावर वेगळा चुकतो. चाळीसच्या वेगाने चौदा वर्षं चुकलेली बाई हे सांगते आहे.

दुसरं म्हणणं आपल्यासाठी, म्हणजे वर्तमानपत्रांसाठी आहे. आपल्यासकट सगळ्यांच्या कपाटांत १९९० च्या दशकातल्या सीडी आणि डिस्क पडून असतील. कुणाच्या श्रीलिपीत, कुणाच्या आकृतीत, कुणाच्या सीडॅकच्या डीव्हीबी-टीटी फॉन्टमध्ये. प्रत्येकाचं कोष्टक वेगळं. ती कोष्टकं ज्यांच्या बोटांत आहेत ते ऑपरेटर माझ्या वयाचे झाले आहेत, कुणी दुकान टाकलं आहे, कुणी नातवंडं सांभाळतं आहे. त्यांना बोलावून, चहा पाजून, कुठली कळ कुठलं अक्षर हे एकदा कागदावर उतरवून घ्या. स्क्रिप्ट लिहिणारी मुलं प्रत्येक गल्लीत आहेत. कोष्टक सांगणारी माणसं नाहीत.

आमच्या फोल्डरचं म्हणाल तर १,९१२ पैकी १,८५१ फायली आता वाचनालयाच्या संगणकावर कुणालाही वाचता येतात. संत्र्याचे भाव कोणत्या साली किती होते ते शोधायला परवाच एक शेतकरी येऊन गेले. उरलेल्या ६१ मात्र काही केल्या उघडत नाहीत. त्या १९९६ च्या पहिल्या महिन्यांतल्या, मी रुजू होण्याआधीच्या. कृतिदेव तर नाहीच. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, डीव्हीबी-टीटी ही सगळी कोष्टकं लावून पाहिली, कुठलंच बसलं नाही. सर्वांत जास्त वेळा येणारी खूण बहुधा काना असावा, आणि ओळीच्या शेवटी सारखी येणारी जोडी ‘आहे’ असावी, इथपर्यंत आम्ही दोघी पोचलो आहोत. माझ्या आधी त्या खुर्चीवर जो ऑपरेटर बसत होता तो आपला अंक वाचत असेल, तर त्याने त्या फॉन्टचं नाव तेवढं आपल्या कार्यालयात कळवावं ही विनंती. फ्लॉपीच्या लेबलवर पेन्सिलीने नुसतं ‘नवा फॉन्ट’ एवढंच लिहिलेलं आहे.

आपली,
एक निवृत्त डीटीपी ऑपरेटर, परतवाडा
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये)